मुरुमांसाठी गर्भनिरोधक गोळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हनुवटीवर दर महिन्याला उठणारे, दुखणारे, डाग ठेवून जाणारे मुरूम आणि त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली 'ती' गोळी, याबद्दल मुली आणि त्यांच्या आया जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. ही गोळी योग्य बाईला खरोखर गुणकारी ठरते. पण मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्याच नावाचं पाकीट मेडिकलमधून आणावं, अशी ती वस्तू नाही.

गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा चेहऱ्याशी काय संबंध?

त्वचेतल्या तेलग्रंथी अँड्रोजेन या हार्मोन्सच्या हुकमावर चालतात. टेस्टोस्टेरॉन हे त्यातलं मुख्य. ते बायकांच्या शरीरातही तयार होतं, काही बीजकोषात तर काही मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत. तेल जास्त झालं की छिद्र तुंबतं, आत जंतू वाढतात, सूज येते आणि मुरूम उठतो.

संयुक्त गोळीत दोन हार्मोन्स असतात : इस्ट्रोजेन (बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन). दोन्ही मिळून बीजकोषाला विश्रांती देतात, त्यामुळे तिथलं टेस्टोस्टेरॉन कमी बनतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवतं. रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन हे प्रथिन धरून ठेवतं, म्हणून तेलग्रंथीपर्यंत पोचणारा वाटा घटतो. चेहऱ्यावर जो फरक दिसतो त्याचं मोठं श्रेय इस्ट्रोजेनच्या या कामाला आहे. म्हणूनच इस्ट्रोजेन नसलेल्या, नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी मुरूम जात नाहीत. काहींचे उलट वाढतात.

माझे मुरूम हार्मोन्समुळे आहेत हे कसं कळेल?

जागा आणि वेळ बघा. जबड्याची कड, हनुवटी आणि मानेचा वरचा भाग इथे खोल, गाठीसारखे, हात लागला तरी ठणकणारे मुरूम येत असतील, पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते हमखास वाढत असतील आणि पंचविशी उलटली तरी थांबत नसतील, तर शंका घ्यायला जागा आहे. त्याच्या जोडीला पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते का, हनुवटीवर किंवा बेंबीखाली राठ केस येतात का, डोक्यावरचा भांग रुंद होतोय का, मानेच्या मागे काळपट, मखमली पट्टा दिसतो का, हेही पाहा. यातलं काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडवणाऱ्या बीजकोषाच्या विकाराची, तपासणी करून घ्यायला हवी.

मात्र रक्तातले सगळे आकडे नॉर्मल आले तरी गोळी लागू पडू शकते. काहींच्या तेलग्रंथीच नेहमीच्या प्रमाणातल्या हार्मोन्सनाही जास्त प्रतिसाद देतात. 'रिपोर्ट चांगला आला, म्हणजे हार्मोन्सचा संबंध नाही' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

गोळी सुरू करायच्या आधी कोणत्या तपासण्या लागतात?

सर्वांत महत्त्वाची तपासणी फुकटात होते : ब्लड प्रेशर. ते न मोजता कोणी गोळी लिहून देत असेल तर तुम्हीच आग्रहानं मोजायला सांगा. त्यानंतर वजन, आणि नीट विचारलेले प्रश्न : सिगारेट, अर्धशिशी, घरात कोणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, कावीळ किंवा यकृताचा आजार, चालू असलेली औषधं. गरोदर नसल्याची खात्री तर हवीच. चांगल्या तब्येतीच्या मुलीला गोळी सुरू करण्यासाठी आतून तपासणीची गरज नसते. त्या भीतीनं दवाखान्यात जायचं टाळू नका.

पीसीओएसची शंका असेल तर टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि कोलेस्टेरॉल बघतात, सोबत सोनोग्राफी. हार्मोन्सचं रक्त शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं, आणि मुख्य म्हणजे गोळी सुरू होण्याआधी द्यावं. गोळी चालू असताना हे आकडे दबलेले येतात आणि मूळ दुखणं झाकलं जातं. नंतर तपासायचं तर साधारण तीन महिने गोळी थांबवावी लागते. तेवढ्यात मुरूम परत डोकं वर काढतात आणि रडवेली होण्याची वेळ येते.

कोणी ही गोळी घेऊच नये?

हा प्रश्न बहुतेकजणी शेवटी विचारतात. खरं तर तो पहिला असायला हवा. पूर्वी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालेली असणं, हृदयविकार किंवा पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, फॉस्फोलिपिडविरोधी अँटिबॉडी असलेला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), रक्तवाहिन्या-डोळे-मूत्रपिंडापर्यंत गेलेला मधुमेह, १६०/१०० किंवा त्यावरचं ब्लड प्रेशर : यांपैकी काहीही असेल तर संयुक्त गोळी नाही. प्रेशर १४० ते १५९ च्या घरात असेल तरी सहसा दुसरा पर्याय निवडतात. वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट चालू, हे दोन्ही एकत्र असेल तरी नाही. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे कोणालाच नाही, आणि अंगावर पाजत असाल तर सहा आठवडे अजिबात नाही व सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाही.

अर्धशिशीबद्दल थोडं सविस्तर. नुसतं डोकं ठणकणं वेगळं, आणि डोकं दुखायच्या आधी पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या नागमोडी रेषा दिसणं, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होणं, हाताला किंवा ओठाला मुंग्या येणं वेगळं. हा दुसरा प्रकार असेल तर वय कितीही असो, गोळीनं पक्षाघाताचा धोका वाढतो. 'मला मायग्रेन आहे' एवढं सांगून थांबू नका. डोकं दुखण्याआधी काय दिसतं तेही सांगा.

बाजारात इतक्या गोळ्या आहेत. मुरुमांसाठी कोणती?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मुरुमांसाठी मान्यता दिलेल्या गोळ्यांत तीन प्रोजेस्टिन आहेत : नॉर्जेस्टिमेट, नॉरएथिंड्रोन अॅसिटेट आणि ड्रोस्पिरेनोन. आपल्याकडे मुरुमांसाठी मुख्यतः दोन प्रकार लिहून दिले जातात.

पहिला ड्रोस्पिरेनोन ३ मिलिग्रॅमचा. यास्मिनमध्ये त्याच्यासोबत ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल असतं, याझमध्ये २०. ड्रोस्पिरेनोन स्वतः अँड्रोजेनला आडवं जातं आणि शरीरात पाणीही कमी साठू देतं. पण त्यामुळे पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंडाचा किंवा अॅड्रिनल ग्रंथीचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन अथवा प्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दुसरा सायप्रोटेरोन अॅसिटेट २ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ३५ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे डायन-३५ आणि तिच्यासारख्या गोळ्या.

नोव्हेलॉन आणि फेमिलॉनमध्ये डेसोजेस्ट्रेल असतं. त्यांनीही मुरूम कमी होतात. या सगळ्या गोळ्यांची एकमेकींशी तुलना करून जे अभ्यास झाले त्यांत फरक फार मोठा निघालेला नाही. म्हणून निवड करताना 'सर्वांत जोरदार कोणती' यापेक्षा 'मला सर्वांत सुरक्षित कोणती' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

सायप्रोटेरोनची गोळी पहिल्याच भेटीत लिहून दिली. घेऊ?

आधी एक विचारा : मलम आणि अँटिबायोटिक नीट वापरून झालं का? २०१३ मध्ये फ्रान्सनं गुठळ्यांच्या काळजीपोटी डायन-३५ ची विक्री थांबवली. त्याच वर्षी युरोपियन औषध संस्थेनं फेरतपासणी करून सांगितलं की ही गोळी मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी किंवा नको तिथे वाढणाऱ्या केसांसाठी वापरता येईल, पण मुरुमांसाठी ती लावायच्या औषधांनी किंवा अँटिबायोटिकनी गुण न आल्यावरच द्यावी, आणि फक्त गर्भनिरोधनासाठी देऊ नये. चेहऱ्यावर चार पुळ्या आहेत म्हणून थेट ही गोळी, हे आम्हाला पटत नाही. चेहऱ्यावर राठ केस, अनियमित पाळी आणि गाठींसारखे मुरूम असं तिन्ही असेल तर मात्र तिचा चांगला उपयोग होतो. मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, आधी झालेली असेल तर सायप्रोटेरोन घ्यायचं नाही.

ही गोळी चालू असताना वर आणखी एखादी गर्भनिरोधक गोळी घेऊ नका. गर्भनिरोधनाचं काम तीच करते. दोन्ही घेतल्या तर इस्ट्रोजेन दुप्पट होतं.

सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. तिनं मुरूम जातील?

काहींचे कमी होतात. माला-एनमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम असतं, अशा २१ गोळ्या, आणि पुढच्या ७ लोहाच्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा स्वभाव थोडा अँड्रोजेनकडे झुकणारा आहे, पण सोबतचं इस्ट्रोजेन त्यावर मात करतं. ज्यांना गर्भनिरोधनासाठी गोळी हवीच आहे आणि मुरूम सौम्य आहेत, त्यांनी आधी हीच घेऊन बघायला हरकत नाही. गुठळीचा धोकाही या प्रकारात तुलनेनं कमी असतो.

छाया, आय-पिल किंवा अंतरा इंजेक्शननं?

नाही. छाया (पूर्वीची सहेली) ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली बिनहार्मोनची गोळी आहे. गर्भनिरोधक म्हणून चांगली आहे, पण मुरुमांवर तिचा उपयोग नाही. आय-पिल ही तातडीची गोळी. अंतरा हे तीन महिन्यांचं नुसत्या प्रोजेस्टिनचं इंजेक्शन आहे, त्यानं मुरूम वाढू शकतात. हार्मोन असलेली कॉपर-टीसारखी साधनं आणि दंडात बसवायचं इम्प्लांट यांचंही तेच. साधी कॉपर-टी चेहऱ्याचं काही बिघडवत नाही.

गोळी कशी सुरू करायची?

पाळी आली त्याच दिवशी पहिली गोळी घेणं सर्वांत सोपं, कारण गर्भनिरोधनाचा परिणाम लगेच सुरू होतो. पाचव्या दिवसानंतर सुरू केली तर पहिले ७ दिवस निरोध वापरावा लागतो.

पाकीट उलटून बघा. २१ गोळ्या असतील तर २१ दिवस रोज एक, मग ७ दिवस सुट्टी. त्या सुट्टीत पाळीसारखं अंगावरून जातं, आणि आठव्या दिवशी रक्त थांबलेलं असो वा नसो, नवं पाकीट उघडायचं. २८ गोळ्या असतील तर सुट्टी नसते, रिकाम्या किंवा लोहाच्या गोळ्याही ओळीनं घ्यायच्या. याझसारख्या पाकिटात २४ हार्मोनच्या आणि ४ रिकाम्या असतात. बाणांच्या दिशेनंच जा, मधूनच फोडू नका.

रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. मोबाइलला गजर लावा, आणि पाकीट टूथब्रशच्या शेजारी ठेवा.

फरक कधी दिसेल?

पहिल्या महिन्यात बहुधा काहीच दिसत नाही. आज वर आलेला मुरूम कित्येक आठवड्यांपूर्वी छिद्राच्या आत सुरू झालेला असतो. आधीच तयार होऊन बसलेल्या त्या पुळ्यांना गोळी थांबवू शकत नाही. तीन महिन्यांनी नवे मुरूम कमी होऊ लागतात, आणि पूर्ण परिणाम जोखायला सहा महिने द्यावे लागतात. पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकशी तुलना केली तर तिसऱ्या महिन्याला अँटिबायोटिक पुढे असतं, सहाव्या महिन्यापर्यंत गोळी त्याला गाठते.

सर्वांत जास्त नुकसान दुसऱ्या महिन्यात गोळी सोडून दिल्यानं होतं. दर महिन्याला एकाच खिडकीच्या उजेडात, पावडर न लावता, चेहऱ्याचे तीन फोटो काढा : समोरून, डावीकडून, उजवीकडून. आरशात रोज पाहून जे कळत नाही ते या फोटोंत कळतं.

गोळी चालू असताना मलम बंद करायचं का?

उलट दोन्ही एकत्र हवीत. गोळी तेल कमी करते, तुंबलेलं छिद्र उघडायचं काम अॅडापॅलीन करतं आणि जंतूंचं बेंझॉइल पेरॉक्साइड. अॅडापॅलीन ०.१ टक्का रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं. ठिपके देऊन पसरा, फक्त मुरुमावर थापू नका. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावा, नाहीतर साल निघते आणि बाई घाबरून औषधच फेकते. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सकाळी. त्यानं रंगीत कापड पांढरं पडतं. उशीचा अभ्रा आणि ओढणीची कड यांवरचे पिवळट-पांढरे डाग धुऊन जात नाहीत, म्हणून जुना पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

गरोदरपणाचा विचार सुरू झाला की अॅडापॅलीनही थांबवायचं.

घरात कोणीतरी आणलेली 'गोरं करणारी' क्रीम मुरुमांवर लावते, चार दिवसांत बसतात. मग गोळी कशाला?

ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते आजच बघा. ही स्टिरॉइड आहेत. लाली बसते म्हणून गुण आल्यासारखा वाटतो, पण काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, लाल नसा दिसू लागतात आणि एकसारख्या बारीक पुळ्यांचं नवं पीक येतं. हे मुरूम स्टिरॉइडमुळे आलेले असतात आणि त्यावर गर्भनिरोधक गोळी काम करत नाही. अशी क्रीम एकदम सोडली तर चेहरा भडकतो, त्यामुळे ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडा.

एक गोळी विसरले तर?

आठवल्याबरोबर घ्या, पुढची ठरलेल्या वेळी घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. चेहऱ्यावर काही परिणाम होत नाही. ओळीनं दोन किंवा जास्त चुकल्या तर त्यातली शेवटची तेवढी घ्या, आधीच्या सोडून द्या, आणि ७ दिवस निरोध वापरा. शेवटच्या आठवड्यात असं झालं तर सुट्टी किंवा रिकाम्या गोळ्या न घेता थेट नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या.

गुठळी होण्याची भीती किती खरी?

खरी आहे, आणि तिचं मोजमाप माहीत असलेलं बरं. युरोपियन औषध संस्थेनं २०१३ मध्ये दिलेले आकडे असे : गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दर १०,००० बायकांपैकी वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलची घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो.

धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो, आणि चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केलं की तो परत वर जातो. त्यामुळे 'शरीराला आराम' म्हणून महिनाभर घ्यायची, महिनाभर सोडायची, ही पद्धत धोका वाढवते. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवतात. मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्यांनी त्या लांबलचक विमानप्रवासात दर तासा-दोन तासांनी उठून चालावं, पाणी पीत राहावं.

एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, अचानक दम लागणं, छातीत कळ, कधी नव्हे इतकं तीव्र डोकं दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एका डोळ्यानं न दिसणं, डोळे पिवळे होणं : यातलं काहीही झालं तर गोळी थांबवा आणि थेट दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि 'मी गर्भनिरोधक गोळी घेते' हे वाक्य तिथे पहिल्यांदा सांगा. घरच्यांसमोर लाजून ते लपवल्यानं निदानाला उशीर होतो.

बाकी त्रास काय होतात?

मळमळ, स्तन जड वाटणं, मधेच थोडं अंगावर जाणं. हे बहुधा तीन महिन्यांत बसतं. वजन गोळीमुळे खूप वाढतं याला अभ्यासांत आधार सापडलेला नाही. काहींना पाणी साठल्यामुळे थोडं फुगल्यासारखं वाटतं. मन सारखं उदास राहिलं, रडू येत राहिलं तर ते अंगावर काढू नका, गोळी बदलता येते.

आपल्या रंगाच्या त्वचेला खास जपायची गोष्ट म्हणजे वांग. इस्ट्रोजेननं गालांवर आणि ओठांच्या वर तपकिरी पट्टे येऊ शकतात. मुरूम गेले आणि वांग आले, असं होऊ नये म्हणून एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन रोज लावा, ढगाळ दिवशीही.

टीबीची औषधं चालू आहेत. चालेल?

नाही. रिफाम्पिसिन गोळीतली हार्मोन्स यकृतातून झपाट्यानं बाहेर काढतं, त्यामुळे गर्भनिरोधन फसतं. रिफाम्पिसिन थांबल्यावरही चार आठवडे हा परिणाम टिकतो. फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचंही असंच. लॅमोट्रिजिनचं उलट होतं : गोळीमुळे त्याचंच प्रमाण घटतं आणि फिट येऊ शकते. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन मात्र गोळीचा परिणाम कमी करत नाही.

गणपतीत, पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी घेते. तिनं मुरूम जातील का?

ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची असते, दिवसातून तीनदा. ती मुरुमांचं औषध नाही, गर्भनिरोधकही नाही, आणि गुठळीचा इतिहास असलेल्यांना तीही घातक ठरू शकते. संयुक्त गोळी आधीच चालू असेल तर तिची गरजच पडत नाही : सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते. कॅलेंडर बघून महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

लग्न झालेलं नाही. पुढे मूल व्हायला अडचण येईल?

नाही. गोळी थांबल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत आपल्या चालीवर येते आणि दिवस राहू शकतात. पाळी मुळातच अनियमित असेल तर ती पुन्हा तशीच होते. तो गोळीचा दोष नाही, आधीचं दुखणं उघडं पडलेलं असतं. आयांना एवढंच सांगणं आहे की मुलीच्या कपाटात हे पाकीट दिसलं तर आधी तिचा चेहरा आठवा आणि शांतपणे विचारा.

मुलगी १४ वर्षांची आहे. देऊ का?

पाळी सुरू झाल्याशिवाय नाही, आणि सुरू होऊन दोनेक वर्षं होईपर्यंत बहुतेक डॉक्टर थांबतात, कारण हाडं भरण्याचं हे वय असतं. या वयात मलमांनी बरंच साधतं.

किती वर्षं घ्यायची? थांबवल्यावर मुरूम परत येतील?

चेहरा शांत झाल्यावर आणखी काही महिने चालू ठेवून मग पुन्हा विचार करतात. दर सहा महिन्यांनी ब्लड प्रेशर. गोळी थांबवली की काही महिन्यांत तेल पूर्वपदावर येतं आणि अनेकींचे मुरूम थोडेफार परततात. म्हणून गोळी थांबवायच्या आधीच अॅडापॅलीनची सवय पक्की करा आणि थांबवल्यावरही ते चालू ठेवा. गोळी मधल्या दिवशी तोडू नका, पाकीट संपवून थांबवा.

सहा महिने न चुकता घेऊनही फरक नसेल तर डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही. स्पायरोनोलॅक्टोन किंवा आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या दुसऱ्या औषधांबद्दल विचारा. आयसोट्रेटिनॉइननं गर्भात गंभीर व्यंग होतं, त्यामुळे ते सुरू करायच्या एक महिना आधीपासून ते थांबवल्यावर एक महिन्यापर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन लागतं. मुरुमांवर पुरी न पडलेली हीच गोळी तिथे त्या कामासाठी चालू ठेवता येते, म्हणून नवं औषध लिहून घेताना हातातलं पाकीट डॉक्टरांना दाखवा.